पेशींतला अडकित्ता : जी-प्रथिनांची पकड आणि त्यांचें टिकणें

आषाढ लागला कीं पंचगंगेला नवें पाणी येतें. मंगळवारीं आणि शुक्रवारीं कोल्हापूरच्या पेठांतून मिरवणुका निघतात. डोक्यावर त्या नव्या पाण्याचे कलश, पुढें ‘पी ढबाक्’ असा वाद्यांचा गजर, आणि टेंबलाईच्या टेकडीवर देवीला तें पाणी वाहून मंडळी घरीं परततात. याच दिवसांत गांवोगांवच्या मरीआईलाही नैवेद्य जातो. पावसाळ्याचें गढूळ पाणी आणि पटकी यांचें नातें आपल्या पूर्वजांना कोणा शास्त्रज्ञानें शिकविलें नव्हतें; घराघरांतून निघालेल्या तिरड्या पाहून ते तें शिकले होते. वारीहून परतणाऱ्या दिंडीबरोबर पटकी गांवांत शिरावी, सकाळीं धडधाकट असलेला माणूस दुपारीं अंथरुणाला खिळावा, आणि दिवस मावळण्यापूर्वीं त्याला पोंचवून यावें लागावें, हें एके काळीं महाराष्ट्राला नवें नव्हतें.

इतक्या थोड्या वेळांत माणूस मरतो तो कशानें? अंगांत फारसा ताप नसतो, कोठें जखम नसते, आंतड्याला भोंकही पडलेलें नसतें. आंतड्याचें आंतील अस्तर सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तर तें बहुतांशीं शाबूत दिसतें. गेलेलें असतें तें शरीरांतील पाणी, आणि पाण्याबरोबर मीठ. तीव्र पटकींत तासाला एक लिटरपर्यंत पाणी वाहून जाऊं शकतें. जणूं कोणी घराची मोडतोड केली नाहीं, कांहीं चोरलें नाहीं. फक्त नळाची चावी उघडून ती पुन्हां फिरणारच नाहीं अशी करून ठेवली.

ही चावी म्हणजे आपल्या पेशींतील एक प्रथिन आहे. त्याच्या जातीला ‘जी-प्रथिनें’ असें नांव आहे. हीं प्रथिनें आपल्या हातांत एक लहानसा रेणू कसा धरतात, केव्हां सोडतात, आणि त्या धरण्या-सोडण्यावर त्यांचें स्वतःचें आयुष्य कसें अवलंबून असतें, हें आज सांगावयाचें योजिलें आहे. विषय पेशीच्या गाभ्यांतला खरा. परंतु त्याची उदाहरणें आपल्या घरांतलीं, तालमींतलीं आणि गुऱ्हाळांतलीं आहेत.

प्रथम तालमीचें उदाहरण घेऊं. शाहू महाराजांनीं बांधविलेल्या खासबागेच्या मैदानांत दोन मल्ल समोरासमोर येतात. हलगी कडाडते. मल्लांच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलीन नांवाचा स्राव रक्तांत उतरतो आणि दोघांचींही हृदयें जोरानें धडधडूं लागतात. गंमत अशी कीं, तो स्राव हृदयाच्या पेशींत मुळीं शिरतच नाहीं. तो बाहेरूनच पेशीच्या दारावर थाप मारतो. दारावर बसलेला जो पहारेकरी ही थाप ऐकतो त्याला ग्राहक म्हणतात. ग्राहकाचें एक अंग पेशीच्या बाहेर व दुसरें आंत असतें. बाहेर थाप पडली कीं त्याचें आंतलें अंग किंचित् वळतें, आणि तेथें उभें असलेलें जी-प्रथिन निरोप घेऊन पेशीच्या आंत धांवतें. ॲड्रेनलीनचा निरोप असाच जातो. जिभेवर ठेवलेल्या गुळाची गोडी आणि कारल्याचा कडूपणा असाच जातो. डोळ्यांत पडलेल्या प्रकाशाची वार्ताही याच रीतीनें पेशींत पोंचते. निरोप्यांचे प्रकार निरनिराळे, परंतु घडण एकाच घराण्याची.

आतां या निरोप्याचें रूप पाहूं. तो एकटा नसतो. आल्फा, बीटा आणि गॅमा अशा तीन प्रथिनांची ती जोडणी असते. त्यांपैकीं मुख्य आल्फा. हृदयांत व आंतड्यांत काम करणाऱ्या जी-प्रथिनाला ‘जी-एस्’ म्हणतात, आणि त्याच्या आल्फाच्या लांब प्रकारांत ३९४ ॲमिनो आम्लें एकापुढें एक ओंवलेलीं असतात. ही माळ सरळ राहत नाहीं. ती स्वतःभोंवतीं गुंडाळून एक ठराविक आकार धारण करते. त्या आकारांत दोन गोळे स्पष्ट दिसतात. ते दोन पट्ट्यांनीं एकमेकांस जोडलेले असतात, आणि त्यांच्या मधल्या खांचेंत एक लहान रेणू बसलेला असतो. तो रेणू दोन रूपांचा असूं शकतो. त्याला तीन फॉस्फेट-गट असले तर जीटीपी, दोनच असले तर जीडीपी. दोन्ही रेणू ग्वानिन नांवाच्या द्रव्यापासून झालेले. त्या ग्वानिनच्या आद्याक्षरावरूनच या प्रथिनांना ‘जी’ हें नांव पडलें.

आपल्या घरांतील पानाच्या तबकांत एक अडकित्ता असतो. त्याच्या दोन पात्यांमध्यें सुपारी धरली आहे असें मनांत आणा. आल्फा-प्रथिन हा तो अडकित्ता आणि जीटीपी ही ती सुपारी. हा दृष्टान्त मी केवळ आकारासाठीं घेतलेला नाहीं. आल्फा-प्रथिन खरोखरच ही सुपारी कातरतें. जीटीपीचा तिसरा फॉस्फेट तें तोडून टाकतें, आणि दोन फॉस्फेट उरलेला जीडीपी पात्यांमध्यें तसाच धरून ठेवतें. अखंड सुपारी असतांना अडकित्त्याचा आकार एक, आणि तुकडा उडाल्यावर आकार दुसरा. या दोन आकारांतच निरोपाचा सर्व अर्थ सांठविलेला आहे.

कसें तें पाहा. पेशी शांत असते तेव्हां आल्फाच्या मुठींत जीडीपी असतो, आणि बीटा-गॅमा ही जोडी त्याला चिकटून त्याची मूठ अधिकच घट्ट ठेवते. आपण होऊन जीडीपी सुटावयाचा म्हटला तर कित्येक मिनिटें लागतात. बाहेर थाप पडली कीं ग्राहकाच्या आंतल्या अंगाला एक पोकळी उघडते, आणि आल्फाचें शेवटचें टोक, पिळाच्या दोरीसारखें असलेलें, त्या पोकळींत शिरतें. या टोकाच्या बुडाशीं एक लहानसा वळसा आहे, आणि नेमका तोच वळसा ग्वानिनला खालून आधार देत असतो. टोक ओढलें गेलें कीं वळसा सरकतो, आधार सुटतो, दोन्ही गोळे एकमेकांपासून दूर होतात आणि जीडीपी बाहेर पडतो. पेशींत जीडीपीपेक्षां जीटीपी कित्येक पटींनीं अधिक असतो. म्हणून रिकाम्या झालेल्या खांचेंत जीटीपीच येऊन बसतो. त्याचा तिसरा फॉस्फेट दोन लवचिक पट्ट्यांना आपल्याकडे खेंचून ताठ करतो, सोबत मॅग्नेशियमचा एक कण ती पकड पक्की करतो, आणि ताठ झालेल्या अंगावर बीटा-गॅमाला बसावयाला जागा उरत नाहीं. ती जोडी गळून पडते. मोकळें झालेलें आल्फा जाऊन पुढच्या एका विकराला जागें करतें, आणि तें विकर सायक्लिक एएमपी नांवाचा पदार्थ तयार करूं लागतें. निरोप पोंचला.

परंतु पोंचलेला निरोप थांबलाही पाहिजे. कुस्ती संपल्यावर मल्लाचें हृदय शांत झालेंच पाहिजे. त्यासाठीं वेगळ्या कोणी हुकूम सोडावा लागत नाहीं. अडकित्ता स्वतःच सुपारी कातरतो. जी-एस् ला या कामास सामान्यतः पाव मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. तिसरा फॉस्फेट तुटला कीं ताठ झालेल्या पट्ट्या सैल पडतात, बीटा-गॅमा परत येऊन चिकटतात, आणि मूठ पुन्हां मिटते. म्हणजे हें प्रथिन निरोप्याही आहे आणि घटिकापात्रही आहे. किती वेळ बोलावयाचें हें तें आपल्या कातरण्याच्या वेगानेंच ठरवितें.

हें सारें मनुष्यास कळलें तें एका दिवसांत नव्हे. अमेरिकेंत मार्टिन रॉडबेल हे संप्रेरकांवर प्रयोग करीत असतां त्यांना आढळलें कीं, आपण वापरीत असलेल्या एटीपी या द्रव्यांत थोडी भेसळ आहे, आणि खरें काम ती भेसळच करीत आहे. ती भेसळ जीटीपीची होती. हा शोध १९७१ सालचा. पुढें आल्फ्रेड गिलमन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह जी-एस् प्रथिन शोधून १९८० सालीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. दोघांना १९९४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. क्ष-किरणांच्या साहाय्यानें या प्रथिनांची आकृति १९९३ पासून दिसूं लागली. आणि २०११ सालीं ब्रायन कोबिल्का यांच्या प्रयोगशाळेनें ॲड्रेनलीनचा ग्राहक आणि जी-एस् हे एकमेकांस मिठी मारून असतांना, खांच रिकामी असतांना, टिपले. त्या चित्रांत आल्फाचा एक गोळा दुसऱ्यापासून सुमारें १२७ अंशांनीं फिरून दूर गेलेला दिसला. अडकित्ता सताड उघडा होता! कोबिल्का आणि त्यांचे गुरु रॉबर्ट लेफकोविट्झ यांना पुढच्याच वर्षीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

आतां पटकीकडे परत येऊं. पटकीचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यास ओळखला. परंतु जंतु मारतो तो कशानें, हें सिद्ध करण्याचा मान एका भारतीय वैद्यकाचा आहे. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं दाखविलें कीं, जंतु गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेंही सशाच्या आंतड्यांत पाणी भरतें. म्हणजे जंतु तेथें असण्याची गरज नाहीं. त्यानें सोडलेलें विष पुरेसें आहे. हें विष आंतड्याच्या पेशीला चिकटतें, त्याचा एक भाग आंत शिरतो, आणि जी-एस् च्या आल्फा-प्रथिनांतील २०१ व्या क्रमांकाच्या आर्जिनिन या आम्लावर एक जड रेणू नेऊन चिकटवितो.

येथें आपला अडकित्ता पुन्हां हातांत घ्या. सुपारी कातरतांना ती बोटानें नीट जागेवर धरावी लागते. हें २०१ वें आर्जिनिन म्हणजे तें बोट. तिसरा फॉस्फेट तुटण्याच्या क्षणीं त्याला सावरून धरण्याचें काम तें करतें. त्या बोटावर जड ओझें बसलें कीं सुपारी कातरली जात नाहीं. जेरुसलेम येथील कॅसेल आणि सेलिंगर यांनीं १९७७ सालीं टर्की पक्ष्याच्या रक्तपेशींवर प्रयोग करून हें दाखविलें कीं, पटकीच्या विषानें जीटीपी तोडण्याची क्रियाच बंद पडते. घटिकापात्र बुडतच नाहीं. आल्फाचा आकार ताठ तो ताठच राहतो. सायक्लिक एएमपी सांठत जातो, पेशीच्या पडद्यांतील क्लोराइडचे मार्ग उघडतात, आणि क्षारांच्या मागून पाणी आंतड्यांत ओतलें जातें. बाहेर कोणी थाप मारलेली नसते. तरी आंतला निरोप्या ओरडत सुटलेला असतो.

विष न घेतांही हेंच घडूं शकतें. गर्भावस्थेंत पेशींची वाढ होत असतां एखाद्या पेशींतील आनुवंशिक लेखांत एका अक्षराची चूक होते आणि २०१ व्या जागीं आर्जिनिनऐवजीं दुसरेंच आम्ल बसतें. त्या पेशीच्या वंशांतील सर्व पेशींत बोटाविना अडकित्ता तयार होतो. अशा मुलांच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात, हाडें ठिसूळ होतात, आणि कित्येकदां बालवयांतच तारुण्याचीं लक्षणें उमटतात. या विकाराला मॅक्यून-अल्ब्राइट असें नांव आहे. विष बाहेरचें असो वा चूक जन्माची असो, मोडलेला सांधा तोच आहे.

येथपर्यंत आपण एक प्रकारचा बिघाड पाहिला : सुपारी धरली ती सुटतही नाहीं आणि कातरलीही जात नाहीं. आतां याच्या उलट प्रकार पाहूं. धरलेला जीडीपी हातांत ठरतच नाहीं असें झालें तर?

१९९४ सालीं तारो ईरी, हेन्री बोर्न व त्यांचे सहकारी यांनीं अशा दोन मुलग्यांची हकीकत ‘नेचर’ नियतकालिकांत प्रसिद्ध केली. दोघे एकमेकांच्या नात्यांतले नव्हते. दोघांनाही एकाच वेळीं दोन परस्परविरुद्ध विकार होते. एका बाजूला त्यांच्या शरीराला गळ्यांतील पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाची हांक ऐकूं येत नव्हती. संप्रेरक रक्तांत होतें, पण जी-एस् चा निरोप्या अपुरा पडत होता. दुसऱ्या बाजूला त्यांचे वृषण मात्र, वरून हुकूम आलेला नसतांही, अकालीं पौरुष-संप्रेरक तयार करीत होते. तेथें तोच निरोप्या अति बोलत होता. एकच प्रथिन एका अवयवांत मुकें आणि दुसऱ्यांत वाचाळ! हें कोडें वैद्यांना कसें उलगडावें?

उलगडलें तें असें. दोघांच्याही आल्फा-प्रथिनांत ३६६ व्या जागीं अलानिनऐवजीं सेरिन हें आम्ल आलें होतें. या दोहोंत फरक केवढा? सेरिनमध्यें एक ऑक्सिजनचा अणु अधिक, इतकाच. परंतु ३६६ वी जागा म्हणजे मघाशीं सांगितलेला तोच वळसा, ज्याच्यावर ग्वानिन टेकलेलें असतें. सुपारीच्या बैठकींत जणूं एक खडा आला. जीडीपी तेथें नीट बसेना. ग्राहकानें ओढण्याची वाट न पाहतां तो आपोआप निसटूं लागला. आणि तो निसटला कीं दोन गोष्टी होऊं शकतात. एक, जीटीपी येऊन बसतो, आणि निरोप नसतां निरोप जातो. दुसरी गोष्ट समजण्यासाठीं मला माझा दृष्टान्त थोडा दुरुस्त करावा लागेल.

हा अडकित्ता लोखंडाचा नाहीं. लोखंडाच्या अडकित्त्याला सुपारी असो वा नसो, त्याचीं पातीं तशींच राहतात. प्रथिनाचा आकार मात्र शेंकडों दुबळ्या बंधांनीं सांवरलेला असतो, आणि त्यांतले कित्येक बंध त्या मधल्या रेणूशींच बांधलेले असतात. ज्या सुपारीला अडकित्ता धरतो, तीच सुपारी अडकित्त्यालाही धरून ठेवते. ती गेली कीं पात्यांचा ताल जातो. उष्णतेनें अवयव थरथरूं लागतात, घडी उलगडते, आणि उलगडलेलें प्रथिन फार वेळ टिकत नाहीं. म्हणूनच प्रयोगशाळेंत शुद्ध केलेलें आल्फा सांठवितांना द्रावणांत मुद्दाम जीडीपी घालून ठेवतात. याउलट, न तुटणारा असा जीटीपीसदृश रेणू मुठींत असला, तर प्रथिन अधिक घट्ट राहतें आणि ट्रिप्सिनसारख्या पाचक विकरालाही सहजासहजीं दाद देत नाहीं. ग्राहकाच्या मिठींत असतांना रिकामें आल्फा तग धरतें, कारण तेवढा वेळ ग्राहकच त्याला सांवरून असतो. बिचाऱ्या त्या दोन मुलांच्या प्रथिनाला असा आधार नसतांनाच वारंवार रिकामें व्हावें लागत होतें.

आतां उष्णतेचा विचार करा. आपल्या शरीराच्या आंत सदतीस अंश उष्णता असते. तितक्या उष्णतेंत तें सैल प्रथिन झपाट्यानें नष्ट होई. म्हणून मूत्रपिंडासारख्या अवयवांत तें पुरेसें उरत नसे, आणि पॅराथायरॉइडचा निरोप वाया जाई. वृषण हे शरीराच्या बाहेर असल्यामुळें तेथील उष्णता तीन ते पांच अंशांनीं कमी असते. तेवढ्या गारव्यांत तें प्रथिन टिकून राही; आणि टिकलें कीं जीडीपी टाकून जीटीपी घेण्याची त्याची खोड प्रकट होई. दोन विकार, दोन विरुद्ध लक्षणें, परंतु कारण एक : पकड सैल झाली. त्या सैलपणाचें फळ कोणतें मिळेल, वाचाळपणा कीं मरण, हें चार अंशांच्या फरकानें ठरलें.

मला वाटतें, या एका उदाहरणानें जी-प्रथिनांचा सारा न्याय सांगितला आहे. आकार बदलला कीं पकड बदलते. पकड बदलली कीं काम बदलतें. आणि काम तर बदलतेंच, पण प्रथिनाचें टिकणेंही बदलतें. घरांतील मंडळी पुष्कळदां विचारतात कीं, अमुक आजार ‘अधिक झाल्यामुळें’ होतो कीं ‘कमी पडल्यामुळें’ होतो? येथें उत्तर असें येतें कीं, कधीं कधीं दोन्हींमुळें; आणि म्हणून औषध देणाऱ्यानें नुसतें लक्षण पाहून चालत नाहीं, सांधा कोणता निखळला तें पाहावें लागतें.

हें ज्ञान निव्वळ कुतूहलाचें नाहीं. जी-प्रथिनांचा एक धाकटा भाऊ आहे. त्याचें नांव रास. त्याला बीटा-गॅमा नाहींत, दुसरा गोळाही नाहीं. परंतु जीटीपी धरणें आणि तोडणें हा धर्म तोच. त्याच्या बाराव्या जागचें ग्लायसिन बदललें कीं त्याचीही कातर बंद पडते, आणि पेशीला वाढण्याचा निरोप अखंड मिळत राहतो. अनेक कर्करोगांच्या मुळाशीं हा बिघाड सांपडतो. वर्षानुवर्षें अशी समजूत होती कीं या प्रथिनावर औषधाला बोट ठेवावयालाही जागा नाहीं. परंतु ग्लायसिनच्या जागीं सिस्टीन आलें असेल, तर त्या सिस्टीनलाच चिकटून प्रथिनाला जीडीपीच्या मिटलेल्या अवस्थेंत कोंडून ठेवणारें औषध तयार झालें. सोटोरासिब असें त्याचें नांव. अमेरिकेंत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कांहीं रुग्णांसाठीं त्याला २०२१ सालीं मान्यता मिळाली. मिटलेल्या अवस्थेचा आकार ठाऊक नसता तर हें कुलूप घालतांच आलें नसतें.

मग पटकीवर औषध कोणतें? विषानें बिघडविलेलें जी-प्रथिन दुरुस्त करण्याचें औषध आपण रोग्याला देत नाहीं, आणि त्याची गरजही पडत नाहीं. आंतड्याच्या अस्तरांतील पेशी चार-पांच दिवसांत झडून त्यांच्या जागीं नव्या येतात; त्यांच्याबरोबर बिघडलेले अडकित्तेही जातात. प्रश्न एवढाच कीं, तेवढे दिवस माणूस जगवावयाचा कसा? शिरेंतून मिठाचें पाणी देतां येतें. पण साथींत, पुरांत, छावणींत तें कोठून आणावें? येथें निसर्गानें एक दुसरें दार उघडें ठेविलें आहे. आंतड्याच्या पेशींत साखर आणि मीठ यांना हातांत हात घालून आंत घेणारें एक वेगळें प्रथिन असतें. त्याचा जी-एस् शीं संबंध नाहीं, आणि पटकीचें विष त्याला बिघडवूं शकत नाहीं. नुसतें पाणी पाजलें तर तें वाहून जातें. नुसतें मीठही फारसें शोषलें जात नाहीं. पण साखर आणि मीठ एकत्र दिलें तर तीं आंत शिरतात, आणि त्यांच्यामागून पाणी येतें.

१९७१ सालीं बांगला देशच्या युद्धांत लाखों निर्वासित बंगालमध्यें आले आणि छावण्यांतून पटकी पसरली. बनगांव येथें डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळील सलाईनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या, तेव्हां त्यांनीं साखर-मिठाचें पाणी पिंपांत भरून आप्तांच्या हातून रोग्यांना पाजविलें. शंभरांत सुमारें तीस मरत होते, ते चारांहूनही कमी मरूं लागले. पुढें बांगला देशांतील ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० पासून दहा वर्षें घरोघर फिरल्या आणि त्यांनीं मातांना एक साधी रीत शिकविली : अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ, आणि तीन बोटांच्या चिमटींत मावेल एवढें मीठ. गुऱ्हाळांच्या आपल्या जिल्ह्याला यापेक्षां जवळचें औषध कोणतें सांगावें?

गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें म्हणून प्रमाण सांगतों. औषधांच्या दुकानांत व सरकारी दवाखान्यांत जलसंजीवनीची पुडी मिळते. ती उत्तम, आणि मोठी पुडी बहुधा एक लिटर पाण्यासाठीं असते. ती हाताशीं नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. मीठ अधिक घालूं नये. तें अपायकारक आहे. घोट घोट पाजीत राहावें, उलटी झाली तरी थोडें थांबून पुन्हां पाजावें, आणि रोग्याचे डोळे खोल गेले, ग्लानि आली, लघवी बंद झाली, तर क्षणाचाही विलंब न करतां दवाखान्यांत न्यावें. उपचार न झाल्यास तीव्र पटकीचे निम्मे रोगी दगावूं शकतात. वेळेवर पाणी मिळाल्यास शंभरांत एकही दगावण्याचें कारण नाहीं.

श्रोतेहो, एका ऑक्सिजन-अणूनें दोन मुलांचें सारें आयुष्य बदललें, आणि मूठभर गुळानें लाखों मुलांचें आयुष्य राखलें. दोन्ही गोष्टी एकाच ज्ञानाच्या दोन बाजू आहेत : सांधा कोणता बिघडला हें कळणें, आणि कोणतें दार अद्याप उघडें आहे हें कळणें. येत्या आषाढांत नव्या पाण्याचा कलश देवीला अवश्य वाहावा. पण घरांत पिण्याच्या हंड्यांतलें पाणी उकळून घ्यावें, आणि फळीवर गुळाच्या ढेपेशेजारीं जलसंजीवनीच्या चार पुड्याही ठेवाव्यात.